निकालावर पैसे घेताना: बायकांसोबत काम करणाऱ्या लहान संस्थांनी करार कसा वाचावा, कसा लिहावा

एखादा फंडर (निधी देणारा) तुमच्या संस्थेला म्हणाला, "यापुढे प्रशिक्षणाचे, मेळाव्यांचे पैसे मिळणार नाहीत. बाई गरिबीतून वर आली की पैसे देऊ," तर घाबरू नका. लगेच होही म्हणू नका. मी मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या आणि एकल बायकांसोबत काम करते आणि असे करार संस्थेच्या बाजूने बसून ओळीओळीने वाचत आले आहे. या पद्धतीतून बायकांचं भलं होऊ शकतं, असं मला मनापासून वाटतं. पण 'निकाल' या शब्दापुढे करारात काय लिहिलंय, यावर सगळं अवलंबून आहे. ज्या बाईमुळे आकडा खाली येईल असं वाटतं, ती बाई यादीतून गळायला लागते. तिला कोणी मुद्दाम काढत नाही. सर्व्हेच्या दिवशी ती घरी नसते, तिचा आधार लिंक नसतो, मीटिंगला ती दोनदा येत नाही, आणि तिसऱ्या वेळी तिला कोणी बोलवायला जात नाही. ही गळती करारातच कशी थांबवायची, ते मी इथे सांगते.

आधी पैशाची वाट समजून घ्या

यात चार जण असतात. निकाल लागल्यावर पैसे देणारा (आउटकम फंडर), सुरुवातीला पैसे गुंतवून जोखीम घेणारा (रिस्क इन्व्हेस्टर), गावात काम करणारी संस्था म्हणजे तुम्ही, आणि निकाल मोजणारा त्रयस्थ. याला इम्पॅक्ट बाँड म्हणतात, पण नावात बाँड असला तरी तो बाजारात विकला जाणारा कागद नव्हे. तो चौघांमधला करार असतो. कधी कधी गुंतवणूकदार नसतोच आणि संस्थेनेच पदरचे पैसे घालावेत अशी अपेक्षा असते. लहान संस्थेने असा करार करू नये. का, ते पुढे हिशेबात येईल.

आपल्या देशातलं सगळ्यात अभ्यासण्यासारखं उदाहरण राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्याचं आहे. २०१५ ते २०१८ या काळात एज्युकेट गर्ल्स या संस्थेने शाळाबाह्य मुलींना शाळेत आणायचं आणि मुलांचं शिकणं सुधारायचं काम घेतलं. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने सुमारे २ लाख ७० हजार डॉलर आधी घातले. निकाल लागला तर पैसे द्यायचं चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनने कबूल केलं. मोजमाप आयडीइनसाइटने केलं. पैशाचं वजन पटनोंदणीला २० टक्के आणि शिकण्याला ८० टक्के होतं. दुसऱ्या वर्षाअखेर शिकण्याचं उद्दिष्ट जेमतेम निम्मं गाठलं होतं. मग संस्थेने गैरहजर मुलांच्या घरी जाणं वाढवलं, मुलांचे त्यांच्या पातळीनुसार गट केले, आणि शेवटी शिकण्याचं उद्दिष्ट १६० टक्के आणि पटनोंदणीचं ११६ टक्के पूर्ण झालं. गुंतवणूकदाराला मुद्दल आणि वर्षाला १५ टक्के परतावा मिळाला.

माझ्या मते यात सगळ्यात मोलाची गोष्ट मधल्या वर्षातली आहे. आकडा निम्म्यावर असताना संस्थेला कामाची पद्धत बदलता आली. बजेटच्या एका हेडचे, म्हणजे खर्चाच्या एका बाबीचे, पैसे दुसऱ्या हेडला वळवायला परवानगीचं पत्र, मग स्मरणपत्र, मग वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्रात त्याचा खुलासा, हे ज्यांनी केलंय त्यांना ही मोकळीक काय असते ते सांगायला नको. ती मोकळीक करारात नसेल, म्हणजे निकालही मागतात आणि बजेटचं हेडही बदलू देत नाहीत, तर दोन्हीकडून तुमचेच हात बांधले जातात. असा करार परत पाठवा.

किती वाढ कबूल करायची

पहिल्या मीटिंगमध्येच कोणीतरी म्हणतं, "दोन वर्षांत उत्पन्न दुप्पट." त्या क्षणी थांबवा.

केनिया आणि युगांडात व्हिलेज एंटरप्राइझ या संस्थेने २०१७ ते २०२१ दरम्यान अशाच कराराखाली काम केलं. अतिगरीब घरातल्या तिघातिघांचा गट करायचा, त्यांना थोडं बीजभांडवल द्यायचं, प्रशिक्षण द्यायचं, बचत गटाशी जोडायचं आणि मार्गदर्शकाने वर्षभर पाठीशी राहायचं, असं काम होतं. यातल्या बहुसंख्य बायका होत्या. निकालाच्या पैशांत अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही सरकारांचा वाटा होता. कोणत्या गावात काम करायचं आणि काम नसलेल्या कोणत्या गावांशी तुलना करायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. मधे कोविड आला. तरीही कामाच्या गावांतला घरखर्च आणि मालमत्ता तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी जास्त भरली, आणि हा कार्यक्रम यशस्वी मानला गेला. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेल्या अशाच पद्धतीची सहा देशांत, सुमारे साडेदहा हजार घरांमध्ये तपासणी झाली. त्यात भारतही होता. २०१५ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांतही घरखर्चातली सरासरी वाढ ५ टक्क्यांच्या आसपासच होती.

५-६ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण हा फरक तुलनेच्या घरांशी आहे आणि तो सगळ्या घरांच्या सरासरीचा आहे. एखादीची शेळी मेली, एखादीचा नवरा आजारी पडला, ती घरंही त्यात मोजलेली आहेत. हे आकडे कागदावर घेऊन बसा. अतिगरीब घरांसाठी याच्या कितीतरी पट उद्दिष्ट कोणी मागत असेल, तर नकळत तो तुम्हाला कमी गरीब बायका निवडायला सांगत असतो.

उत्पन्न विचारू नका, खर्च विचारा

"महिन्याला किती मिळतात?" असं विचारलं की ओट्यावर बसलेली बाई म्हणते, "कुठं काय मिळतंय." ती खोटं बोलत नसते. शेळीचं पिल्लू सहा महिन्यांनी विकलं, खुरपणीची मजुरी आठवड्याने आली, दुधाचे पैसे किराणा दुकानात परस्पर वळते झाले. तिच्या हातात महिन्याची म्हणून रक्कम कधी आलेलीच नसते.

त्याच बाईला वस्तूवार विचारा. मागच्या बाजारापासून गोडंतेल किती आणलं? पुड्यात की डब्यात? डाळ घरची की विकतची? चहापत्ती, साखर, अंडी, भाजी? हे सात दिवसांचं. साबण, मोबाइलचा रिचार्ज, दवाखाना, एसटीचं भाडं हे तीस दिवसांचं. कपडे, वह्यापुस्तकं, लग्नातला आहेर, सणवार हे वर्षाचं. आठवडी बाजाराचा वार धरून विचारलं की बाईला सगळं बरोबर आठवतं. "गेल्या सात दिवसांत" म्हटलं की ती गोंधळते, "गेल्या मंगळवारच्या बाजारापासून" म्हटलं की घडाघडा सांगते. मोजणाऱ्या एजन्सीची प्रश्नावली छापायच्या आधी मागून घ्या आणि त्यात गावागावाचा बाजाराचा वार घालून द्या.

मालमत्ता मोजताना देणंही मोजलंच पाहिजे. दुकानाची उधारी, मायक्रोफायनान्सचे हप्ते, मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीआधी घेतलेली आगाऊ रक्कम. अंगणात चार शेळ्या आणि डोक्यावर ऐंशी हजारांची उचल, अशी बाई कागदावर 'वर आलेली' दिसू नये. म्हणून करारात 'मालमत्ता' एवढंच न लिहिता 'मालमत्ता वजा देणं' असं लिहून घ्या.

सर्व्हे कधी करायचा, हे करारात लिहा

आमच्याकडे हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि पुण्या-मुंबईत बसून बनवलेल्या वेळापत्रकात नेमका हाच नसतो. पावसाळ्यात उचल वाटायला सुरुवात होते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर निघतात. परत येतात त्या मार्च-एप्रिलमध्ये, पाडव्याच्या आगेमागे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे बाई घरी नसते. घरी असतात ती म्हातारी माणसं, आणि कधी शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं.

आता बघा. बेसलाइन (काम सुरू होण्याआधीचा सर्व्हे) ऑगस्टमध्ये केली, तर नुकतीच उचल मिळालेल्या घरात खर्च फुगलेला दिसतो. एंडलाइन (शेवटचा सर्व्हे) जानेवारीत केली, तर निम्मी घरं बंद. फॉर्मवर 'कुटुंब उपलब्ध नाही' असा शेरा पडतो, ती बाई नमुन्यातून बाद होते आणि उरतात त्या गावातच राहू शकणाऱ्या, म्हणजे थोड्या बऱ्या स्थितीतल्या बायका. आकडा छान दिसतो. पण तो आकडा तुमच्या खऱ्या कामाचा नाही.

म्हणून दोन्ही सर्व्हे एकाच महिन्यात, शक्यतो मे-जूनमध्ये, पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आत घ्या. शिवाय 'घर बंद' असेल तर किती वेळा परत जायचं, कारखान्याच्या तळावर, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामी, जाऊन मुलाखत घ्यायची की नाही, आणि बंद घरांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर काय करायचं, हे करारात लिहून घ्या. तळावरची मुलाखत खर्चिक असते. तो खर्च मोजणाऱ्याच्या बजेटमध्ये धरायचा, तुमच्या नाही.

पैसे कोणाच्या हातात आले?

घरखर्च वाढला म्हणजे बाई वर आली, असं होत नाही. घराचा आकडा वाढतो आणि बाई तिथेच राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. बहुतेक करारांत यावर 'महिलेच्या नावावर बँक खातं' असा निकष टाकून विषय संपवतात. पासबुक बाईच्या नावावर असतंच. पण खात्याला जोडलेला नंबर कोणाचा आहे, हे बघा. ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येतो, पैसे काढल्याचा मेसेज त्यालाच येतो, आणि शिल्लक विचारायला बाईला त्याच्याकडे जावं लागतं.

लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये २०२४ पासून थेट खात्यावर यायला लागले, तेव्हा आमच्या भागात आधार जोडायला आणि नंबर बदलायला बायकांनी बँकेत रांगा लावल्या. त्या वेळी कितीजणींचं खातं दुसऱ्याच्या फोनवर चालतंय ते उघड झालं. म्हणून निकालाच्या यादीत मी दोन साध्या गोष्टी मागते. खात्याचा नंबर तिच्या स्वतःच्या फोनचा आहे का? आणि मागच्या तीन महिन्यांत ती स्वतः बँकेत किंवा बँक सखीकडे (गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या ताईकडे) जाऊन पैसे काढून आली का? दोन्ही प्रश्न पाच मिनिटांत तपासता येतात. 'निर्णयप्रक्रियेत सहभाग' नावाचे दहा प्रश्न असतात, त्यांना बायका तुम्हाला काय ऐकायला आवडेल ते ओळखून उत्तरं देतात.

योजनेच्या पैशांचा आणखी एक मुद्दा आहे. हप्ते कधी कधी एकदम जमा होतात आणि त्या महिन्याचा खर्च उसळतो. तुलनेची गावं असतील तर फारशी अडचण येत नाही, कारण तिथल्या बायकांनाही तेच पैसे मिळालेले असतात. दुष्काळाचंही तसंच आहे. पाऊस दडी मारतो तेव्हा दोन्हीकडे मारतो. म्हणून तुलना नसलेला, नुसता 'आधी आणि नंतर' मोजणारा करार धोक्याचा आहे. त्यात पावसाची जोखीम तुम्ही अंगावर घेत असता.

लहान कार्यक्रमाला मोठा अभ्यास परवडत नाही, हे खरं आहे. त्यावर एक बरा मार्ग आहे. यंदा वीस गावं घ्यायची, पुढच्या वर्षी आणखी वीस. कोणती आधी, हे सगळ्यांदेखत चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. नंतरची गावं तोवर तुलनेची, आणि त्यांनाही कार्यक्रम मिळणारच असतो, त्यामुळे सर्व्हेला गेल्यावर लोक तोंड फिरवत नाहीत. पण मग तुलनेची गावं वर्षभरच हातात राहतात, हे लक्षात ठेवून निकालाची तारीख ठरवा.

हिशेब मांडा

आकडे कल्पित आहेत, पण ही मांडणी तुमच्या आकड्यांनी पुन्हा करा. समजा ३०० बायका. एका बाईमागे खर्च २८,००० रुपये, त्यातले १८,००० शेळ्या, शिलाई मशीन किंवा दुकानाचा माल यांचे आणि १०,००० घरभेटी, प्रशिक्षण, पगाराचे. एकूण ८४ लाख. फंडर पूर्ण निकालाला बाईमागे ३३,००० द्यायला तयार आहे, म्हणजे ९९ लाख. ऐकायला १५ लाख जास्त.

हप्ते असे: नोंदणीला १० टक्के, वर्षाने धंदा चालू दिसला तर ३० टक्के, दोन वर्षांनी खर्च आणि मालमत्ता वाढली तर ६० टक्के. पहिलं वर्ष संपताना वस्तू सगळ्या दिलेल्या असतात, पगार चालू असतात. बाईमागे २४,००० धरले तर ७२ लाख गेलेले. हातात आलेले फक्त ९ लाख ९० हजार. मधले ६२ लाख कोणाचे? इथे गुंतवणूकदार लागतो. आणि पडताळणी होऊन पैसे यायला आणखी काही महिने जातात, तेही धरा.

आता समजा दोन्ही टप्प्यांना ७० टक्के बायका निकषात बसल्या. मिळणारे ७२ लाख २७ हजार, खर्च ८४ लाख. पावणेबारा लाखांचा खड्डा. नुसता खर्च भरून निघायलाच ३०० पैकी जवळपास २५० बायका दोन्ही वेळा निकषात बसाव्या लागतात, आणि त्यात गुंतवणूकदाराच्या परताव्याचा एक रुपयाही धरलेला नाही.

हा तक्ता संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मांडा. आणि मग पहिला हप्ता वाढवून मागा. वस्तूंचे पैसे निकालावर अवलंबून ठेवू नका, ते आगाऊच मागा. निकालावर ठेवायचंच असेल तर तुमच्या घरभेटींच्या, पाठपुराव्याच्या रकमेचा काही भाग ठेवा, कारण तुमच्या कामाचा परिणाम तिथेच दिसतो.

अवघड बाईचा दर वेगळा

माझ्या लेखी हे कलम नसलेला करार सही करण्याच्या लायकीचा नाही. सगळ्या बायकांना एकच दर ठेवला की संस्था, इच्छा नसली तरी, सोप्या बायकांकडे वळते. वर मांडलेल्या ९९ लाखांतच हे बसतं. ३०० पैकी ९० जागा एकल, भूमिहीन आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी राखायच्या, त्यांचा दर ४२,००० आणि उरलेल्या २१० जणींचा २९,०००. बेरीज ९८ लाख ७० हजार. फंडरचा खर्च वाढत नाही, पण त्या ९० जणींच्या घरी चौथ्यांदा जायला तुमच्याकडे पैसा आणि कारण दोन्ही असतं. कोण अवघड हे बेसलाइनच्या आधीच, गावाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर ठरवा. नंतर ठरवलं तर वाद होतात.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या स्किल इम्पॅक्ट बाँडमध्येही बायकांचा वाटा आधीच ठरवलेला होता. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ आणि ब्रिटिश एशियन ट्रस्ट यांनी इतरांसोबत तो उभा केला. ५० हजार तरुणांचं उद्दिष्ट होतं, त्यात ६० टक्के मुली. पैसे नुसत्या प्रमाणपत्रावर थांबत नव्हते, नोकरी लागणं आणि तीन महिने टिकणं यांनाही जोडलेले होते. नोकरी टिकण्याचा निकष घेत असाल तर मुलींच्या राहण्याचा आणि रात्रीच्या पाळीनंतर परतण्याचा खर्च बजेटमध्ये आधीच घाला. मुली काम येत नाही म्हणून सोडत नाहीत, खोली आणि गाडी नाही म्हणून सोडतात.

सहीच्या आधी ही कलमं शोधा

निकाल आला नाही तर बाईकडून वस्तू परत घ्यायची, असं कुठेही असता कामा नये. शेळी तिची, मशीन तिचं, पहिल्या दिवसापासून.

गावात काम करणाऱ्या ताईचं मानधन निकालाला बांधू नका. तिचं पोट आकड्यावर ठेवलं की ती दबावाखाली येते, आणि तो दबाव शेवटी ज्या बाईचं अजून बरं चाललेलं नाही तिच्यावर पडतो.

दुष्काळ, साथ, जनावरांचे रोग यांसाठी मुदतवाढीचं कलम मागा. मघाशी सांगितलेल्या सहा देशांच्या तपासणीत होंडुरासमध्ये बऱ्याच घरांना कोंबड्या दिल्या आणि त्या रोगाने मेल्या. तिथे मालमत्ता वाढलीच नाही. शेळ्या देत असाल तर पावसाळ्याआधी आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्यांच्या दोन रोगांच्या लसी आणि विमा या तिन्हींचे पैसे बजेटमध्ये वेगळे दाखवा. टॅग कानात असेल तरच विम्याचा दावा टिकतो, म्हणून टॅगचा नंबर बाईच्या वहीतही लिहा.

पैसा परदेशातून येणार असेल तर एफसीआरए (परदेशी निधी घेण्याची सरकारी नोंदणी) तुमच्या स्वतःच्या संस्थेचं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसरीला देता येत नाही, आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. "मोठ्या संस्थेच्या नावावर घेऊ, काम तुम्ही करा" हा निरोप आला तर तिथेच नाही म्हणा. निकालावर मिळणारी रक्कम अनुदान धरायची की सेवेचं शुल्क, यावर जीएसटी ठरतो. मसुदा सीएला दाखवा आणि त्याचं मत लेखी घ्या.

शेवटी, मसुदा मराठीत करून घ्या आणि सही करायच्या आधी दोन-तीन गावांच्या बचत गटांच्या बैठकीत मोठ्याने वाचा. निकालाची व्याख्या, सर्व्हेचा महिना, वस्तूची मालकी, माहिती कोणाकोणाला दिसणार, एवढे चार मुद्दे वाचले तरी चालतील. "आपल्या गावातली कोणती बाई यात बसणार नाही?" असं विचारा आणि जी नावं येतील ती लिहून घ्या. त्या प्रत्येक नावासाठी कलमात काय बदलायला हवं, ते बैठकीतच ठरवा. फंडरशी पुढची चर्चा तीच यादी समोर ठेवून करा.